किल्लारी पाहून आलेली माणसं

पत्रकावर वरच्या बाजूला नुवारा एलियाचं सीतामंदिर, खाली नारळाची झाडं आणि मधोमध लाल अक्षरांत: 'उत्तर श्रीलंका – युद्धभूमी दर्शन. फक्त १२ जणांचा गट. शाकाहारी जेवणाची सोय.' आमच्याकडे दर्शन म्हटलं की आधी चपला बाहेर काढतात. इथं काय करायचं, ते पत्रकात नव्हतं.

निघण्याआधी सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये मीटिंग झाली. चहा, खारी आणि शंकानिरसन. तिकडं आता सगळं शांत आहे ना? किती दिवस नुसता भात खावा लागेल? शेंगाचटणी विमानात नेऊ देतात का? एका निवृत्त गुरुजींनी तर उरलीसुरली धाकधूकच घालवली. म्हणाले, "आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली ऐन युद्धात चीनला गेले. आपण युद्ध संपून पंधरा वर्षं झाल्यावर तरी जायचं की नाही?" टाळ्या पडल्या. कोटणीस तिकडं चार वर्षं राहिले, चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात, वयाच्या ३२व्या वर्षी तिकडंच गेले. आम्ही आठ दिवसांत परतणार होतो, तेही चेन्नईला साड्या घेऊन. पण हे बोलायची ती वेळ नव्हती, आणि पैसे मीही भरलेले होते.

त्या मीटिंगमध्ये एक प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. या युद्धाशी आपला काय संबंध?

घरी मात्र वाद झाला. माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. लोक मेले तिथं फोटो काढायला जायचं, वर त्याला अनुभव म्हणायचं." युद्धातून सावरणाऱ्या देशात सहलीला जाण्यावर हा आक्षेप जगभर घेतला जातो आणि त्याला ठरलेलं उत्तरही आहे: अहो, पर्यटकांच्या पैशानंच तर त्या लोकांची चूल पेटते. गेल्या वर्षभरात मला दोन्ही बाजू पटेनाशा झाल्या आहेत. जावं, असंच माझं मत आहे. पण भारतीय माणसानं उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याला जाताना आपण तिऱ्हाईत आहोत, हा समज घरी ठेवून जावं. आणि सहल चांगली की वाईट हे त्या एकाच गोष्टीवरून ठरवावं. तो समज ती मोडते, की कुरवाळते?

दिरांचं बोलणं मला उडवून लावता आलं नाही, कारण मी किल्लारी पाहिलेली आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाची मिरवणूक संपवून सोलापूर नुकतं कुठं आडवं झालं होतं, तोच पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं भांडी वाजली. आम्ही सगळे रस्त्यावर. दुपारपर्यंत कळलं की आपलं फक्त घाबरण्यावर निभावलंय, तिकडं गावंच्या गावं गेली. पुढच्या रविवारी मामांनी भाड्यानं जीप ठरवली. मी कॉलेजात होते, हट्टानं बसले. नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्यावर जत्रेसारख्या गाड्या. आम्ही जुन्या साड्यांचं गाठोडं नेलं होतं. तिथं रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग आधीच पावसात भिजत पडलेले. आमचं गाठोडं त्यातल्याच एका ढिगावर टाकलं आणि 'मदत' झाली.

एक बाई दगडांच्या राशीपाशी बसून चेमटलेली भांडी वेगळी काढत होती. मामीनं विचारलं, "किती गेले गं घरातले?" ती म्हणाली, "पाच." मामी 'अगं बाई गं' म्हणाली. आमच्या मागून लातूरकडची माणसं आली, त्यांनीही तेच विचारलं. पाच. मग आणखी कुणी. चौथ्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा तिनं मान वर केली नाही, तोंडानं बोललीही नाही. डाव्या हाताची पाच बोटं वर केली आणि उजव्या हातानं तांब्या घासत राहिली.

ती बोटं मी तीस वर्षं विसरलेले नाही. पण म्हणून आम्ही जायलाच नको होतं, असंही म्हणवत नाही. त्याच रस्त्यानं घमेली-फावडी घेऊन आलेली आणि महिनोन्‌महिने राहिलेली माणसंही होती. तीही बाहेरचीच. त्या बाईनं आम्हाला बोलावलं नव्हतं आणि नको म्हणायची सोयही तिला नव्हती. तिच्या घराला दारच उरलं नव्हतं, लावून कुठलं घेणार?

आता श्रीलंका. सिंहली बहुसंख्याकांचं सरकार आणि वेगळं तमिळ राष्ट्र मागणारे 'तमिळ वाघ' (एलटीटीई) यांच्यातलं तिथलं यादवी युद्ध जुलै १९८३ मध्ये पेटलं आणि १८ मे २००९च्या आगेमागे मुल्लैतीवूच्या नंदिकडल खाजणाकाठी संपलं. मुळाशी भाषा होती. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला, पुढं विद्यापीठांतल्या प्रवेशाचे नियम तमिळ मुलांच्या विरोधात फिरवले गेले, १९८१ साली जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. हे वाचताना सोलापूरकराला फार कल्पना लढवावी लागत नाही. आमच्या पूर्व भागात दारोदार तेलुगू, अक्कलकोटकडं निघालं की कन्नड, मधे उर्दू, आणि चहाच्या टपरीवर या सगळ्यांची भेसळ. उद्या यातली एकच भाषा कचेरीत चालेल असं फर्मान निघालं तर काय होईल, हे आम्हाला पुस्तकात शोधावं लागणार नाही. हिराचंद नेमचंद वाचनालय कुणी पेटवून दिलं तर, हा विचार मी जाफन्याच्या त्या पांढऱ्याशुभ्र, पुन्हा बांधलेल्या इमारतीत केला. तिथं मुलं परीक्षेचा अभ्यास करत बसली होती. आम्ही अकरा जण मोबाइल उंचावून त्यांच्या टेबलांमधून फिरलो. एका मुलीनं वही उभी करून चेहरा झाकला.

पैशाचा मुद्दा थोडक्यात उरकते. २०२२ साली त्या देशाची तिजोरी रिकामी झाली, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. पर्यटकाचं परकीय चलन त्यांना हवंच आहे, त्यात दुमत नाही. पण 'त्यांना' म्हणजे कुणाला? कँडीहून जाफन्याला जाणाऱ्या ए-नाइन रस्त्यावर लष्करानं चालवलेल्या चहाच्या टपऱ्या आणि खानावळी भेटतात. कंकेसंतुरईला लष्कराचं रिसॉर्ट आहे. आणि जिथं शेवटची लढाई झाली, त्या नंदिकडलच्या काठावर २०१२ मध्ये लष्करानं पर्यटकांसाठी हॉटेल काढलं. आमचं एक दुपारचं जेवण अशाच एका खानावळीत होतं. चहा स्वस्त, पोरं नम्र, संडास लख्ख. प्रवासात लख्ख संडास ही फार मोठी लाच असते. ती मीही खाल्ली. आमचा ड्रायव्हर वावुनियाचा तमिळ. तो तिथं गाडीतून उतरला नाही. पुढं दोन किलोमीटरवर एका म्हातारीच्या झोपडीवजा दुकानात त्यानं गाडी थांबवली आणि स्वतःच्या पैशानं चहा प्यायला. आमच्या मॅनेजरनं घड्याळ दाखवलं तेव्हा हसून म्हणाला, "फाइव्ह मिनिट्स, सर." चार दिवसांत त्यानं आपल्या मनानं घेतलेला तेवढा एकच थांबा.

किलिनोच्चीला भर चौकात विजयस्तंभ आहे: सिमेंटचा प्रचंड ठोकळा, त्यात घुसलेली तोफगोळ्याएवढी गोळी, भेगांमधून वर उमललेलं कमळ. एलिफंट पासला १९९१च्या लढाईतला वाघांचा चिलखती बुलडोझर आणि तो थोपवणाऱ्या सिंहली जवानाचं स्मारक. आमचा गाइड कँडीचा, सिंहली, गोड स्वभावाचा. हे सगळं तो मन लावून सांगायचा. आणि त्याचं दुःख खोटं नव्हतं. १९९८ साली वाघांनी कँडीच्या पवित्र बौद्ध दंतमंदिरावर ट्रकबाँब आदळला, तेव्हा तो शाळकरी होता. काचा पडल्याचा आवाज कसा होता ते त्यानं तोंडानं करून दाखवलं. मी त्याला दोष देत नाही. पण शेवटच्या महिन्यांत मुल्लिवायक्कालच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर अडकलेल्या लाखो तमिळ माणसांपैकी ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं २०११ साली दिला होता. सरकारला तो मान्य नाही. याबद्दल आठ दिवसांत एक अक्षर आमच्या कानावर आलं नाही. दर १८ मेला तिथली माणसं मीठ घातलेली भाताची पेज वाटतात, कारण शेवटी शेवटी तीच मिळत होती. किलिनोच्चीत २०१७च्या फेब्रुवारीपासून बेपत्ता मुलांच्या आया फोटो घेऊन धरणं धरून बसल्या. हे मी परत आल्यावर वाचलं. जाण्याआधी वाचायला हवं होतं. ती चूक कंपनीची नाही, माझी.

याचा अर्थ गाइड तमिळ असता की काम झालं, असा नाही. जाफन्यात दोन दिवस एक स्थानिक तरुण आमच्याबरोबर होता. आमच्या गटात सोलापूरच्याच एक मुस्लिम शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, इथं मशिदी दिसतात, पण माणसं तुरळक कशी? तो जरा अडखळला आणि नल्लूरच्या मंदिराकडं वळला. १९९० च्या ऑक्टोबरात वाघांनी उत्तर प्रांतातल्या सत्तर हजारांहून अधिक मुसलमानांना हाकललं होतं. जाफन्यातल्यांना आवराआवरीला दोन तास दिले होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याही कहाणीतली काही पानं फाडलेली असतात. बाईंनी नंतर तो विषय काढला नाही. फक्त संध्याकाळी एकट्याच त्या गल्लीत जाऊन आल्या.

आता लहान गटाबद्दल. बारा जणांची सहल म्हणजे जबाबदारीचा प्रवास आणि पन्नास जणांची बस म्हणजे बाजार, असं हल्ली धरून चालतात. मला ते उलटं वाटायला लागलंय. बस रस्त्यावरून जाते, खिडकीतून बघते, निघून जाते. बारा माणसं घरात शिरतात. ओसरीवर मावतात. 'आपण तुझ्या घरी एक कप चहा घेऊ या का' असं विचारता येतं ते बाराच्याच गटाला. मुल्लैतीवूकडं आम्हाला असंच एका विधवा बाईच्या घरी नेलं. घर भारत सरकारच्या मदतीतून बांधलेलं. उत्तर-पूर्वेत अशी हजारो घरं आपल्या पैशातून उभी राहिली, हे मॅनेजरनं अभिमानानं सांगितलं. मग कुणीतरी दुभाष्यामार्फत विचारलं, "यांचे मिस्टर कसे गेले?" ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी तिच्या हाताकडं बघत होते.

म्हणून लहान गटाचा फायदा मी एवढाच धरते की त्याला गप्प बसता येतं. दहा मिनिटं एका जागी, प्रश्न न विचारता. पण हे मॅनेजरला ठरवावं लागतं आणि आम्हाला जमवावं लागतं. मराठी माणसाला गप्प बसवणं सोपं नाही, हे मान्य.

जाफन्याच्या बसस्टँडजवळची गोष्ट सांगते. आमच्या गटात बार्शीकडचे एक निवृत्त सुभेदार होते. सहलीचं खरं कारण फक्त त्यांच्याकडं होतं. जुलै १९८७ मध्ये राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला, वाघांची शस्त्रं उतरवायला भारतीय फौजेची शांतिसेना तिकडं गेली, वाघांशीच लढली, मार्च १९९० मध्ये परत आली. त्या काळात सुभेदार तिथं होते. भारताचे सुमारे १२०० जवान तिथं मेले. महार रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच लढाईत मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. सुभेदारांना पलालीच्या स्मारकावर फूल वाहायचं होतं. ते लष्करी हद्दीत आहे, परवानगी लागते, आणि ती कुणी काढलेलीच नव्हती.

ते हिरमुसले म्हणून आम्ही तिघं त्यांच्याबरोबर चहाला गेलो. टपरीवाला साठीचा. "इंडिया? मद्रास?" सुभेदार हिंदीतून म्हणाले, "नाही, महाराष्ट्र. पण सत्त्याऐंशी साली मी इथं होतो. फौजेत." टपरीवाला थांबला. मग हसून, स्वच्छ हिंदीत म्हणाला, "रुको. हाथ ऊपर. कार्ड दिखाओ." आणि बोटांनी खूण केली, एवढीच येते. आमच्यातले दोघं हसले. सुभेदार हसले नाहीत. चहा संपवला, पैसे दिले. त्यानं पूर्ण घेतले, सुट्टे परत केले. बाहेर आल्यावर सुभेदार मला म्हणाले, "ताई, ती हिंदी त्याला आमीच शिकवली की."

तिथून जाफन्याचं सरकारी रुग्णालय लांब नाही. १९८७च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुमाराला, भारतीय सैनिक तिथं शिरले आणि रुग्णांबरोबर डॉक्टर-परिचारिकांसह २१ कर्मचारी मारले गेले. आपल्या बाजूनं ते चकमकीत सापडले असं सांगितलं गेलं. वाचलेल्यांचं सांगणं तसं नाही. सुभेदारांची तुकडी त्यात नव्हती. पण ते त्या रस्त्यानं चालले नाहीत, पलीकडच्या फुटपाथवर गेले. साडेतीन वर्षांनी, मे १९९१ मध्ये, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय झालं ते आपल्याला पाठ आहे. त्याआधीचं पान आपल्या पाठात नाही.

दिरांना मी नंतर हे असं सांगितलं. समजा, इंग्लंडहून अकरा जण सोलापूर बघायला आले. सिद्धेश्वर झालं, चादरी घेऊन झाल्या, मग चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गाइड म्हणाला, "१९३०च्या मे महिन्यात इथं जमावानं जाळपोळ केली, पोलीस मारले, त्यामुळे मार्शल लॉ लावावा लागला आणि दोषींना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली." यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. तरी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांची नावं घेऊन वाढलेला कुठला सोलापूरकर ते ऐकून घेईल? त्या इंग्रजांनी येऊच नये, असं मी म्हणणार नाही. यावं, पण ही दंगल दुसऱ्या कुणाची होती असा चेहरा करून येऊ नये. आणि त्यांच्यातला एखादा म्हणाला की माझे आजोबा त्या पलटणीत होते, तर आपण त्याला चहा नक्की पाजू. पैसे घेऊ की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही.

दीर म्हणाले, "मग तू गेलीस ते चुकलंच." मी म्हटलं, न जाता मला हे कुठून कळलं असतं? शांतिसेना हा शब्द मी परीक्षेत लिहिला होता, दोन गुणांसाठी. त्या शब्दाला 'हाथ ऊपर' असा आवाज असू शकतो, हे कळायला त्या टपरीवर उभं राहावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं. सहल ठरवताना 'सुरक्षित आहे ना' हे विचाराच, पण त्याच्याबरोबर मुक्काम कुणाच्या घरात, जेवण कुणाच्या हातचं, उत्तरेत बोलणारा माणूस उत्तरेतला आहे का, आणि एकाहून जास्त आहेत का, हेही विचारा. कुणाच्या ओसरीवर नेणार असाल तर त्या बाईनं बोलावलंय का, तिला नाही म्हणता येतं का आणि तिच्या वेळेचे पैसे तिला मिळतात का, हे आधी कळू द्या. विजयस्तंभ दाखवा, हरकत नाही. पण मग शांतिसेनेचा इतिहास गाडीत बसल्या-बसल्या तरी सांगा, रुग्णालयासकट. दहा-वीस शब्द तमिळ, तेवढेच सिंहली शिकून जावं. कोटणीसांचं नाव घ्यायचं तर एवढं तरी करावं. यामुळं सहल महाग होईल, दोन ठिकाणं कमी होतील. होऊ देत. सीतामंदिर रद्द करा, असं मी म्हटलं की गुरुजी माझ्याशी बोलायचे थांबतील, म्हणून ते म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी कोलंबोत आम्हाला खरेदीसाठी तीन तास होते. सुभेदारांनी रिक्षा केली आणि संसदेजवळच्या कोट्टे इथल्या शांतिसेनेच्या स्मारकावर गेले. मीही गेले. काळ्या दगडावर नावं कोरलेली आहेत. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, दोन नावांवर बोट टेकवलं. मग पिशवीतून विड्याच्या पानात बांधलेली झेंडूची फुलं काढली, जाफन्याच्या मंदिराबाहेर घेतलेली, पाकळ्या काळ्या पडायला लागलेल्या. निम्मी तिथं ठेवली. उरलेली निम्मी पुन्हा पानात बांधली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. विमानतळावर सामान तपासणीत ती काढून टाकायला लागली.

परवा नव्या बॅचचं पत्रक आलं. पुन्हा 'युद्धभूमी दर्शन'. मी कंपनीला फोन केला, वरचं सगळं सांगितलं. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. पलालीच्या परवानगीचं बघतो म्हणाला, घरगुती मुक्कामाचंही बघतो म्हणाला. "निदान तो शब्द तरी काढा," मी म्हटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मागच्या वेळी 'अभ्यासदौरा' लिहिलं होतं. चार बुकिंग आली. दर्शनाला बारा."